काळ्या दगडावरची नावं

रानातून येऊन हातपाय धुऊन बसलेल्या, चुलीपुढे भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आमचा नमस्कार.

लंकेहून आल्यापासून ज्या गावात बैठकीला जावं तिथे एकच प्रश्न. "काय वं बाई, सोनं पाहिलं काय?" आपल्याला लंका माहीत ती रावणाची, सोन्याची, मारुतीने जाळलेली. सोनं काही पाहिलं नाही. चहाचे मळे पाहिले, नारळ पाहिले, समुद्र पाहिला. पण आज त्यातलं काही सांगायचं नाही. सहलीच्या छापील कागदात नसलेली एक जागा आम्ही पाहिली, तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल, कारण गावात कुजबुज झाली आहे. मेहकर तालुक्यातल्या तीन गावच्या आम्ही अकरा जणी. तीन वर्षं वेगळी भिशी लावली होती. गटाच्या कर्जातला एक रुपया या सहलीला लागलेला नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी वही बघावी. कुणी सोयाबीनचे पैसे टाकले, कुणी दोन बोकड विकले. कुणाला अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा होता, कुणाला नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ. पासपोर्ट काढताना आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, त्यातच चार महिने गेले. तो एक वेगळाच विषय आहे, कधीतरी त्यावरही बोलू.

अकराव्या आमच्या आजी. गटातल्या सगळ्यात मोठ्या, सत्तरी उलटलेल्या. साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीनंतर सही करायला शिकलेल्या. त्या पैसे भरत होत्या, पण बोधिवृक्षाचं विचारलं नाही की सीतेच्या देवळाचं विचारलं नाही. शेवटचा हप्ता देताना एवढंच म्हणाल्या, "मी येतो. पण मले त्या दगडापाशी न्यायचं."

कोणता दगड, ते तेव्हा कळलं. आजींचा धाकटा भाऊ महार रेजिमेंटच्या एका पलटणीत शिपाई होता. १९८८ च्या उन्हाळ्यात तो श्रीलंकेत सुरुंगाच्या स्फोटात गेला. घरी आधी तार आली. मग पलटणीतून एक काळी पत्र्याची पेटी आली, तिच्यात कपडे, दाढीचं सामान आणि अर्धं लिहिलेलं पत्र. आजी तेव्हा चौतीस-पस्तिशीच्या, म्हणजे आज आमच्यातल्या पुष्कळ जणींच्या वयाच्या. आईवडील होते तोवर पेटी माहेरी राहिली, ते गेल्यावर आजींनी ती आपल्याकडे आणली. मागे एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कोलंबोला एक दगड आहे आणि त्यावर सगळ्यांची नावं कोरली आहेत. तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी तीन वर्षं हप्ता भरला होता.

आम्हाला वाईट वाटलं ते याचं की आमच्यात तिघी बीए झालेल्या, इतिहास विषय घेतलेल्या, आणि आपले जवान श्रीलंकेत कशासाठी गेले होते हे एकीलाही धड सांगता येईना. कारगिल सांगता येतं, बांगलादेश सांगता येतं. पुलवामात आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातला, तेव्हा सगळा जिल्हा रस्त्यावर उतरला होता. श्रीलंकेत सुमारे बाराशे जवान गेले, तरी त्याचं नाव कुणी काढत नाही. मग आम्ही वाचायला लागलो. जे समजलं ते सोपं करून सांगतो.

श्रीलंका आपल्या विदर्भापेक्षाही लहान बेट. समुद्र मध्ये आहे, पण तमिळनाडूच्या टोकापासून तो जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. तिथे बहुसंख्य लोक सिंहली बोलतात. उत्तरेला आणि पूर्वेला तमिळ बोलणारे, तिथे शेकडो वर्षं राहणारे. शिवाय चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी भारतातून नेलेले तमिळ मजूर वेगळे. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कायदा होऊन या मळ्यांवरच्या लाखो मजुरांचं नागरिकत्व गेलं. पिढ्यान्‌पिढ्या चहा खुडला आणि एका कागदाने ती माणसं कुठलीच राहिली नाहीत. १९५६ साली दुसरा कायदा आला: सरकारी कारभाराची भाषा फक्त सिंहली. म्हणजे तमिळ पोराला नोकरी हवी तर सिंहली यायला पाहिजे, तमिळ बाईला कचेरीत अर्ज द्यायचा तर तोही परक्या भाषेत.

हे १९५६ वाचलं तेव्हा आम्ही थांबलोच. त्याच वर्षी आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, तोही भाषेच्याच हिशेबाने. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला. आपल्याकडेही भांडणं झाली, माणसं गेली, पण शेवटी सातबारा मराठीत मिळाला. तिथे तमिळांना ते मिळालं नाही.

पुढची पंचवीस वर्षं तिथे मोर्चे, करार, मोडलेले करार आणि दंगली असंच चाललं. तरुण पोरांच्या हातात बंदुका आल्या. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तमिळ बंडखोरांनी तेरा सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, शेकडो माणसं मारली गेली. हजारो लोक होड्यांतून तमिळनाडूत आले. या बंडखोर गटांतल्या पुष्कळांना तेव्हा भारतातच शस्त्रांचं शिक्षण मिळालं. ही गोष्ट आपण सांगताना गाळतो, पण ती गाळली तर पुढचं काही समजत नाही.

सगळ्यांत ताकदवान गट प्रभाकरनचा, एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याला वेढा घातला, तिथे अन्न मिळेना. भारताने होड्यांमधून धान्य पाठवलं, ते समुद्रातच अडवलं. मग ४ जून १९८७ ला भारताच्या विमानांनी वरून धान्य आणि औषधं टाकली. पुढे २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या सैन्याने छावणीत परतायचं, उत्तर आणि पूर्वेला स्वतःचा कारभार द्यायचा, तमिळ भाषेला मान द्यायचा, आणि हे नीट होतंय का हे बघायला भारतीय सैन्य तिथे राहणार. त्या सैन्याचं नाव शांतिसेना. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला, ते थोडक्यात वाचले. यावरून तिथल्या लोकांच्या मनात काय होतं ते कळतं. आणि वाघांनी तर त्या करारावर सही केलेलीच नव्हती. ज्यांची भांडणं त्यांनी सही केली नाही, सही केली दोन सरकारांनी. गावातला तंटा मिटवायला बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा, असा तंटा मिटतो का.

सुरुवातीला जाफन्यात जवानांचं हारतुऱ्यांनी स्वागत झालं, हेही खरं. दोन-अडीच महिन्यांत सगळं फिरलं. ऑक्टोबरमध्ये वाघांचे पकडलेले काही पुढारी श्रीलंकेच्या ताब्यात असताना विष खाऊन मेले आणि वाघांनी करार मोडला. १० ऑक्टोबर १९८७ ला शांतिसेनेची लढाई सुरू झाली, तिला नाव ऑपरेशन पवन. तंटा मिटवायला गेलेलं सैन्य लढायला लागलं. गल्ल्या अनोळखी, भाषा अनोळखी, नकाशे अपुरे. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने जवान उतरवले. त्यातली शीख लाईट इन्फंट्रीची तीस जणांची तुकडी चहूबाजूंनी वेढली गेली. तिसातले एकोणतीस गेले, एक जण पकडला गेला.

आपल्या भागातली माणसं त्या लढाईत होती. जाफन्याकडे सरकणाऱ्या सैन्यात ८ महार होती, मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ८ महारमधले मेजर रामास्वामी परमेश्वरन यांचं नाव तरी आपल्याला माहीत असावं. घराणं तमिळ, जन्म मुंबईचा, १९४६ चा. म्हणजे तमिळ बोलणारा माणूस महार रेजिमेंटचा अधिकारी होऊन तमिळ गावांत गेला होता. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेहून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी मागच्या बाजूने वळसा घालून हल्लेखोरांना गाठलं. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची बंदूक हिसकावून त्यालाच गोळी घातली आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेतल्या त्या सगळ्या लढाईत मिळालेलं ते एकच.

सत्तर-ऐंशी हजारांवर सैन्य तिथे गेलं, पावणेतीन वर्षं राहिलं. १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, आता परत जा. २४ मार्च १९९० ला शेवटचे जवान त्रिंकोमालीहून निघाले. मद्रासला उतरले तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत, कारण लढाई तमिळांशी झाली होती. ज्यांच्यासाठी गेलो ते रागावले, ज्यांच्या देशात गेलो ते रागावले, आपल्या लोकांनी विषय सोडून दिला. पुढे २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली, ती याच भांडणातून.

आता सहलीकडे येऊ. मेहकरहून मुंबई गाठायला रात्र जाते आणि मुंबईहून कोलंबो अडीच तासांत येतं, याचं आम्हाला फार नवल वाटलं. अनुराधापूर पाहिलं. सम्राट अशोकाची लेक संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून आली, त्या फांदीचं झाड अजून आहे आणि त्याला सोन्याचा कठडा आहे. म्हणजे सोनं दिसलं म्हणायला हरकत नाही. कँडी झालं, सीतेचं देऊळ झालं. आजी सगळीकडे आमच्यासोबत होत्या, हात जोडत होत्या, पण रोज संध्याकाळी विचारायच्या, "उद्या काय?"

शेवटच्या दिवशी बायांना बाजार करायचा होता. आम्ही चौघी आजींना घेऊन निघालो. छोटी गाडी वेगळी ठरवली. चालक पन्नाशीचा, जाफन्याकडचा तमिळ, थोडं इंग्रजी, थोडं हिंदी बोलणारा. कुठे जायचं म्हटल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

कोलंबोला लागूनच श्री जयवर्धनेपुरा कोट्टे म्हणून राजधानी आहे, तिथे तलावाकाठी त्यांची संसद आहे. त्याच भागात हे स्मारक. २००८ साली उभारलेलं. म्हणजे लढाई संपल्यावर अठरा वर्षांनी, आणि तेही परक्या देशाने, आपल्या सैन्याच्या आठवणीसाठी. पहिला सरकारी मानवंदनेचा कार्यक्रम तिथे झाला १५ ऑगस्ट २०१० ला. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. गवत ओलं, माणूस फारसा नाही. आत बोलायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही गप्प झालो.

काळ्या संगमरवरावर नावं कोरलेली, सुमारे बाराशे. ओळीच्या ओळी. लांबून नुसत्या रेघा वाटतात. जवळ गेल्यावर सिंग, थापा, यादव, नायर, पाटील, कांबळे असं एकेक दिसायला लागतं. नावं इंग्रजीत. आमच्यातल्या ज्यांना वाचता येतं त्या तिघी तीन बाजूंनी सुरू झाल्या. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण सैन्याच्या कागदावर नाव कसं लिहिलं असेल, आडनाव पुढे की मागे, 'व' साठी कोणतं अक्षर घातलं असेल, काहीच माहीत नाही. बोट ठेवत ठेवत खाली यायचं, पुन्हा वर जायचं. आपल्या गटाच्या बायकांची नावं बँकेत कशी चुकतात ते आठवत होतं.

आजी मधेच म्हणाल्या, "नसन त राहू द्या."

तासाभराने सापडलं. एक अक्षर वेगळं होतं, पण आडनाव, नाव आणि हुद्दा जुळत होता. आम्ही आजींचा हात धरून बोट त्या नावावर ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, "यात त्याचं नाव कुठून सुरू होते?" पहिलं अक्षर दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग पदराने तेवढीच जागा पुसली. पावसाचं पाणी होतं त्यावर.

रडल्या नाहीत. घरून बांधून आणलेल्या दुरडीतल्या दोन भाकरी आणि ठेचा तिथे ठेवू का म्हणून विचारलं. आम्हाला कळेना काय सांगावं. शेवटी चाफ्याची फुलं वाहिली आणि भाकरी परत बांधली.

चालक बाजूला उभा राहून सगळं बघत होता. परत गाडीकडे येताना त्याने विचारलं, हे तुमचे कोण? आम्ही सांगितलं, यांचा भाऊ. तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, आमच्या घरातही एक फोटो आहे, त्याला हार आहे. बहिणीचा. तुमचं सैन्य होतं तेव्हाचा.

आजींनी विचारलं, काय म्हणतो तो? आम्ही सांगितलं. आजींचा चेहरा एकदम बदलला. "आमच्या पोराले यायनंच मारलं नं? मंग आता काय सांगून रायला मले?" त्याने आमच्याकडे पाहिलं, अर्थ विचारला. आम्ही सांगितला नाही. म्हटलं, त्या दमल्यात. त्याला आमचं खोटं कळलं असेल, बोलण्याचा सूर कोणत्याही भाषेत कळतो. मराठी काय, तमिळ काय.

त्या माणसाने आणखी काही सांगितलं नाही. पण आम्ही निघण्याआधी वाचलेलं आमच्या डोक्यात होतं, आणि ते आजींना आम्ही सांगितलं नव्हतं. २१ ऑक्टोबर १९८७ ला, त्या वर्षीच्या दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आपले जवान शिरले आणि गोळीबार झाला. रुग्ण, डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी असे साठ-सत्तर लोक गेले. सैन्याने सांगितलं की आतून वाघांनी गोळ्या झाडल्या, दोन्हीकडच्या माऱ्यात लोक सापडले. वाचलेल्यांनी सांगितलं की आत निःशस्त्र माणसं होती. त्या रुग्णालयात गेलेल्या कर्मचाऱ्यांची आठवण अजून दरवर्षी केली जाते.

आणि बायका. मैत्रिणींनो, या इतिहासात बायका कुठे आहेत हे आम्ही शोधत होतो, तर त्या निघाल्या. पूर्वेला बट्टिकलोआ नावाचं शहर आहे. तिथल्या पूपती नावाच्या बाई, दहा मुलांची आई, माणसं त्यांना अन्नै पूपती म्हणजे पूपती आई म्हणायची. १९ मार्च १९८८ ला त्या देवळापाशी उपोषणाला बसल्या. मागण्या दोनच: भारतीय सैन्याने लढाई थांबवावी आणि वाघांशी बोलणी करावीत. महिनाभर त्या पाण्यावर राहिल्या आणि १९ एप्रिलला गेल्या. उपोषण कुणी शिकवलं जगाला? आपण. आणि त्या बाईचं उपोषण आपल्याच सैन्यासमोर होतं. हे वाचून आम्हाला त्या रात्री झोप लागली नव्हती.

दुसऱ्या रजनी तिराणगमा. जाफना विद्यापीठात डॉक्टरीच्या पोरांना शिकवायच्या. दोन लेकींची आई. त्यांनी सोबत्यांबरोबर घरोघरी जाऊन लिहून घेतलं, कुणी कुणाला मारलं, कोणत्या बाईवर कुणी अत्याचार केला. श्रीलंकेच्या सैन्याचं लिहिलं, भारतीय सैन्याचं लिहिलं, वाघांचंही लिहिलं. जाफन्यात बायकांसाठी आधारकेंद्र सुरू केलं. कुणाचीच बाजू न घेता सगळ्यांचं लिहिणाऱ्याला कोण ठेवतं? २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या घरच्यांचा आणि सोबत्यांचा बोट वाघांकडे आहे. वय पस्तीस.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. एका ठिकाणी चालकाने चहासाठी गाडी थांबवली. आजी उतरल्या नाहीत. आम्ही चहा घेत होतो तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारली आणि मघाची भाकरी मागितली. आम्हाला वाटलं भूक लागली. त्यांनी एक भाकरी मोडली, ठेचा घातला आणि चालकाला दिली. तो घेईना. आजी म्हणाल्या, "घे. जेवला नाहीस सकाळपासून." हे मात्र आम्ही लगेच समजावून सांगितलं. त्याने खाल्ली. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आजी हसल्या, म्हणाल्या, "लवंगीचा हाय."

मग त्यांनीच विचारलं, बहीण केवढी होती? तो म्हणाला, एकोणीस वर्षांची. आजींचा भाऊ चोवीसचा होता. पुढे काही बोलणं झालं नाही. तसं काही मिटलंही नाही. हॉटेलवर उतरताना आजींनी त्याला नमस्कार केला नाही, त्यानेही केला नाही. दोघं नुसतं एकमेकांकडे बघून गेले.

आता खरी गोष्ट सांगतो. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा आमच्यातच भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, जवानाचं सांगा, दगडाचं सांगा, रुग्णालयाचं कशाला? जवानांचा अपमान होईल. घरोघरी फौजी आहेत आपल्याकडे, वाईट वाटेल. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सुटीवर आलेला जवान पारावर बसतो तेव्हा त्याला लोकांनी काय विचारावं, याचाही विचार करायला पाहिजे. दुसऱ्या म्हणाल्या, मग चालकाची बहीण कशात धरायची? ती काय वाघीण होती? आम्हाला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आमचं मत असं झालं. विशी-बाविशीतल्या पोरांना, ज्यांना तमिळचा एक शब्द येत नव्हता, तंटा मिटवायला म्हणून पाठवलं आणि तिथे गेल्यावर लढा म्हणून सांगितलं. कोण शत्रू आणि कोण शेतकरी हे ओळखायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ज्यांनी पाठवलं त्यांनी नीट विचार केला नाही. हे म्हणताना जवानांची बहादुरी कमी होत नाही, परमेश्वरन यांचं परमवीर चक्र कमी होत नाही. आणि रुग्णालयात गेलेल्या परिचारिकेचं मरणही कमी होत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी बैठकीत येऊन भांडावं, आमची तयारी आहे.

या निमित्ताने एक आठवलं. आपल्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची मोठी दगडी समाधी आहे. १२ जानेवारीला आपण जिजाऊच्या जन्मोत्सवाला जातो, गर्दीत ती समाधी लांबून बघतो आणि पुढे जातो. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांची मुलं दगाबाजीने मारली गेली. जिजाऊचे वडील आणि भाऊ एकाच दिवशी गेले. जिजाऊने शिवबाला घडवलं हे आपण शंभरदा म्हणतो. ती कुणाची बहीणही होती, हे आम्ही यंदा पहिल्यांदा त्या समाधीपाशी थांबून बोललो. आजी सोबत होत्या. त्यांनी त्याही दगडाला हात लावून पाहिला.

श्रीलंकेतली लढाई आपलं सैन्य परतल्यावर आणखी एकोणीस वर्षं चालली आणि मे २००९ मध्ये संपली. वाघ संपले, पण त्याबरोबर हजारो सामान्य तमिळ माणसंही गेली. हरवलेल्या मुलांचे फोटो घेऊन तिथल्या आया अजून रस्त्याकडेला बसतात. दिल्लीत २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथेही शहिदांची नावं भिंतींवर आहेत. तुमच्या गावातलं, नात्यातलं कुणी शांतिसेनेत गेलं असेल तर आम्हाला कळवा. परत आलेले असतील तर त्यांना भेटायला यायला आवडेल. ते आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. विचारलं तर सांगतीलच असं नाही, पण विचारून बघायला काय हरकत आहे?

मोबाईलवर काढलेला त्या नावाचा फोटो आम्ही मेहकरला मोठा करून घेतला. आजींनी भिंतीवर लावला नाही. काळ्या पेटीत ठेवला, त्या अर्ध्या पत्राच्या वर. पेटी उघडली तेव्हा आम्ही विचारलं, पत्रात काय आहे? त्या म्हणाल्या, "तुमीच वाचा." पत्र आईला होतं. इथे फार पाऊस आहे, नारळ फुकट मिळतात, दिवाळीला सुटी मिळाली तर येतो, ताईला सांग की

तिथे पत्र तुटलं आहे. आजींनी ते घडी करून परत ठेवलं आणि म्हणाल्या, चला, वसुलीची वेळ झाली.

पुढच्या गुरुवारी याच वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. बिल्ला कानात मारून घेतला नसेल तर त्याआधी मारून घ्या. नमस्कार.